नाद मालकाचा, हाडं तुझी

पत्र थोडक्यात : सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला २४ वर्षांचा तरुण. आयटीआय करून फिटर झाला, एमआयडीसीत दीड वर्ष कंत्राटी काम केलं आणि शर्यतीच्या मैदानांसाठी सुट्ट्या मिळेनात म्हणून सोडलं. गेली ३ वर्षं बैलगाडी शर्यतीत छकडीवर (शर्यतीची हलकी दोनचाकी गाडी) ड्रायव्हर आहे. गावातल्या एका मालकाच्या 'सोन्या'ला (नाव बदललं आहे) आदत (दुधाचे दात न पडलेला) होता तेव्हापासून यानंच पळवलं. गेल्या वर्षभरात ४६ मैदानं केली, ९ वेळा फायनल गाठली. दीड महिन्यापूर्वी सेमीला शेजारच्या तासातली (धावपट्टीतली) गाडी आत घुसली, हा उडून पडला, हासळीचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली. मालकानं पहिल्या दिवशी २० हजार भरले. पुढचे ४५ हजार वडिलांनी शेळ्या विकून उभे केले. आता लग्न ठरतंय आणि मुलीकडच्यांची अट आहे की पोरानं छकडीवरून उतरायचं. जुन्या कंपनीतला सुपरवायझर महिना १७ हजारांवर परत बोलावतोय. तो विचारतो, "अमेरिकेत बैलावर आठ सेकंद बसणारे कोट्यधीश होतात, मी मोबाइलवर बघतो. मग आमच्याच नादाला लोक का नावं ठेवतात? सोन्याला सोडलं तर मी बेइमान ठरतो, नाही सोडलं तर लग्न मोडतं. काय करू?"

मित्रा,

वयानं तू माझ्या धाकट्या भाच्याएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र तीन पानी आहे. दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले. सोन्याचं नाव ११ वेळा आलंय. त्याला कुठली पेंड चालते आणि कुठली नाही, त्याच्या उजव्या शिंगाजवळचा भोवरा, तो पैऱ्याच्या, म्हणजे जोडीच्या, बैलाला कसा ओढून नेतो, सगळं आलंय. 'मालक' ७ वेळा. जिच्याशी लग्न ठरतंय ती मात्र एकदाही नाही. आहेत ते 'मुलीकडचे'. ते शेवटी बघू.

मी अडकले ते एका साध्या ओळीपाशी. केसपेपर लिहिताना डॉक्टरांनी विचारलं, "काय करता?" तू म्हणालास, "शेती." कशावरून पडलात, तर "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून." ज्याचं नाव निवेदक भोंग्यावरून घेतो, फ्लेक्सच्या कोपऱ्यात का होईना ज्याचा फोटो असतो, तो ड्रायव्हर दवाखान्यात आपलं काम सांगत नाही. तुला लाज वाटली असं मला वाटत नाही. हे आपलं काम आहे की नाद, हे तुझं तुलाच ठरवता आलेलं नाही. माझ्या मते तुझा खरा पेच तिथंच आहे. लग्न आणि नोकरी त्याच्या मागून आलेत.

माझ्या आजोळी दोन खिल्लारं होती, म्हणून नाद म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. मामा बैलांना दूध-अंडी घालायचा आणि घरात चहा कोरा व्हायचा. मामी बोलायची नाही, फक्त अंड्यांची टरफलं मोजून चुलीमागं एका डब्यात ठेवायची. वर्षाच्या शेवटी तिनं तो डबा मामापुढं ओतला. मामा हसला आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक ट्रे घेऊन आला. नाद असाच असतो. त्यात पैसा जातो, आणि तो जातो याचंच सुख असतं. तुझ्या मालकाचा तो नाद आहे आणि त्याला तो परवडतो. त्याचा ऊस आहे, खडीची गाडी आहे. पण जरा बघ, सोन्यानं फायनल मारली की सोन्याची किंमत वाढते. ढाल मालकाच्या कपाटात जाते. तुला त्या दिवसाचे दीड हजार मिळतात आणि बक्षिसातलं 'बघू पुढं'. म्हणजे त्याचा नाद तुझा धंदा झालाय, आणि तो धंदा तू नादाच्या बोलीवर करतोयस. दोन्ही एकाच दावणीला बांधलेस तर वैरण एकालाच मिळणार.

आता तुझे अमेरिकेतले कोट्यधीश.

तू व्हिडिओत बघतोस ते सगळं खरं आहे. एक हात दोरात, दुसरा हवेत, आठ सेकंद टिकायचं. प्रोफेशनल बुल रायडर्स या त्यांच्या मोठ्या स्पर्धेत वर्षाच्या विजेत्याला १० लाख डॉलरचा बोनस मिळतो. पण तो वर्षाला एकाला. आठ सेकंदांच्या आत पडलास तर गुण शून्य. गावोगावच्या रोडिओत, म्हणजे तिकडच्या बैल-घोड्यांच्या खेळांत, तर उतरायची फी खिशातली, प्रवास आणि मुक्कामही खिशातला. जे. बी. मॉनी म्हणून एक आहे, २०१३ आणि २०१५ चा जगज्जेता, ७० लाख डॉलरहून जास्त कमावलेला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयडाहो राज्यात बैलानं पाडलं, मान मोडली. वाचला, पण ३६ व्या वर्षी खेळ संपला. हा त्यांच्यातल्या सगळ्यांत यशस्वी माणसांपैकी एक. बाकीच्यांचे व्हिडिओ तुझ्या मोबाइलवर येत नाहीत, कारण शून्य गुणांचा व्हिडिओ कोण बघतो?

त्यांच्याकडून शिकायचंच असेल तर तीन गोष्टी शीक. त्या व्हिडिओत दिसत नाहीत.

१९८९ च्या ३० जुलैला अमेरिकेतल्या शायेन शहरातल्या मोठ्या रोडिओत लेन फ्रॉस्ट नावाचा २५ वर्षांचा पोरगा बैलावर पूर्ण आठ सेकंद बसला. दोनच वर्षांपूर्वी जगज्जेता झालेला. व्यवस्थित उतरला, आणि उतरल्यावर बैलानं पाठीत शिंग घातलं. फासळ्या मोडल्या, त्यातच तो गेला. त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट हाही रायडर. त्यानं पुढं अंगात घालायचं संरक्षक जाकीट बनवलं, आणि आज जाकिटाशिवाय कुणी तिथं बैलावर बसत नाही. हेल्मेटचा नियम तर मला फार आवडतो. १५ ऑक्टोबर १९९४ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना सक्तीचं, आधीच्यांना सूट. जुन्या खोडांच्या हट्टाशी कुस्ती खेळत बसण्यापेक्षा नवीन पिढीपासूनच सुरुवात केली. तू २४ चा आहेस, तिथं असतास तर डोक्यात हेल्मेट घातल्याशिवाय तुला फाटकाच्या आत घेतलं नसतं. इथं तू टोपीसुद्धा घालत नाहीस, फेटा घालतोस, तोही फोटोपुरता.

दुसरी गोष्ट गुणांची. तिथं १०० पैकी ५० गुण रायडरचे आणि ५० बैलाचे. बैल किती जोरात उसळला याचेही गुण मोजतात. जनावर आणि माणूस, दोघांचं काम दोन रकान्यांत लिहिलं जातं. आपल्याकडं रकाना एकच, बैलाचा. ड्रायव्हरनं काय केलं ते फक्त ड्रायव्हरांना कळतं.

आणि तिसरी गोष्ट पैशाची. तीच मुख्य. १९९२ साली २० रायडर एकत्र बसले, प्रत्येकानं हजार डॉलर काढले आणि स्वतःची संस्था उभी केली, तीच ही प्रोफेशनल बुल रायडर्स. बाकीच्या रोडिओत त्यांना वाटायचं की गर्दी आपल्यामुळं येते आणि हातात काही पडत नाही. तुझ्या पत्रातलं गाऱ्हाणं दुसरं काय आहे? ते कोट्यधीश झाले असतील तर आठ सेकंदांमुळं निम्मे आणि त्या हजार डॉलरमुळं निम्मे.

तुमच्या माण-खटाव-कराड पट्ट्यात नियमानं पळणारे किती ड्रायव्हर आहेत? तू बहुतेकांना नावानं ओळखत असशील. सगळ्यांनी एक दर ठरवला, पडल्यावरच्या औषधपाण्याची एक अट ठरवली, तर मालक कुरकुर करतील आणि महिन्याभरात मान्य करतील. बिनड्रायव्हरची छकडी झेंड्यापर्यंत कशी जाईल? पण तुम्ही एकमेकांचा दर पाडून बसलायत. तूच लिहिलंयस की तू जायबंदी झाल्यावर आठव्या दिवशी दुसरा पोरगा हजार रुपयांत सोन्याच्या मागं उभा राहिला.

यावरून 'बेइमान' या शब्दाकडं येते. तू सोन्याशी बेइमानी करशील म्हणतोस. सोन्या कुणाचा? उद्या कुणी पाहुणा १५ लाख घेऊन दावणीला उभा राहिला, तर मालक तुला विचारून वेसण हातात देईल का? वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, पहिल्या दिवशी २० हजार त्यानंच भरले. पण तो व्यवहार बघेल, बघायलाच हवा. आठ दिवसांत दुसरा ड्रायव्हर त्यानं बघितलाच. तुझी माया सोन्यावर आहे, ती ठेव. रोज पहाटे सरावाला जायला तुला कोण अडवतंय? मायेसाठी छकडीवर चढायलाच पाहिजे असं कुठंय?

आणि एक गोष्ट तुझ्या ध्यानात राहणं अवघड आहे, कारण तेव्हा तू शाळेत होतास. २०१४ च्या ७ मेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शर्यती बंद झाल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, पण प्रकरण पुन्हा कोर्टात अडकलं. गाड्या परत सुटल्या त्या १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशानंतर, आणि घटनापीठानं कायद्यावर शिक्का मारला तो १८ मे २०२३ ला. साडेसात वर्षं! मामानं खिल्लारं २०१५ मध्ये विकली. त्याची छकडी हाकायचा तो गडी होता, त्याच्या डाव्या तळहातावर कासऱ्यानं पडलेली आडवी चीर मी लहानपणी बोट फिरवून बघायची, बोट आत बसायचं. बंदी आली तेव्हा तो चौतिशीचा, ऐन भरातला. टेम्पोवर गेला. बंदी उठली तेव्हा चाळिशी उलटून गेलेली. गेल्या चैत्रात एका मैदानात भेटला, पार्किंगच्या पावत्या फाडत होता. हसून म्हणाला, "ताई, बैल परत आलं, माझं गुडघं नाही आलं." आज कायदा शर्यतीच्या बाजूनं आहे, चांगलंच आहे. पण ज्या धंद्याचं एका निकालानं साडेसात वर्षं दार बंद होऊ शकतं, त्या एकाच धंद्यावर संसार मांडायचा का, हे तू मला सांग.

आता हिशेब करू. आकडे तुझेच आहेत. ४६ मैदानं गुणिले दीड हजार, ६९ हजार. नंबरात आल्यावर मालकानं खुशीनं दिलेले मिळून ५२ हजार. एकूण १ लाख २१ हजार. त्यातून वडिलांचे ४५ हजार वजा कर. उरले ७६ हजार, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारही नाहीत. कंपनीचे वर्षाचे २ लाख ४ हजार. शिवाय १७ हजार पगार म्हणजे ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) २१ हजारांच्या मर्यादेत. कंत्राटदार तुझी नोंद करतो का ते पहिल्याच दिवशी विचार. करत असेल तर तुझं, बायकोचं, आईवडिलांचं औषधपाणी त्यात बसतं. शेळ्या विकाव्या लागत नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते, पटलं तर घे. नोकरी धर. या मोसमात छकडीवर चढू नकोस, मग मालक गाडी दारात लावो नाहीतर मित्र 'एकच मैदान' म्हणोत. प्लेट टाकलेलं हाड दिसायला जुळतं, पण कासऱ्याला दोन बैलांची ओढ लागली की कळतं जुळलंय की नाही, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. पुढच्या मोसमात डॉक्टर हो म्हणाले तर साप्ताहिक सुट्टीची निवडक १०-१२ मैदानं कर. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा सोड असं तुला सांगायची माझीही हिंमत नाही.

पण ती १०-१२ करशील ती धंद्याच्या बोलीवर. मैदानाच्या सकाळी बोलू नकोस, तेव्हा मालकाचं डोकं बैलात असतं आणि तुझं पण. निवांत एखाद्या संध्याकाळी गोठ्यात जा, सोबत एखादं जाणतं माणूस ने. दिवसाचे किती, बक्षिसातले किती टक्के आणि पडलो तर बरा होईपर्यंतचा खर्च कुणाचा, एवढं वहीत लिहून दोघांच्या सह्या. "मालक, तुमच्यावर विश्वास आहे, म्हणूनच लिहून ठेवू," असं म्हण. नाही म्हणाले तर ९ फायनलांची तुझी किंमत काय ते कळलं, तेही कमी नाही.

डोक्याला हेल्मेट. पोरं हसतील, दोन मैदानं हसतील. परवानगी नसलेल्या मैदानात जाऊच नकोस. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असेल तर हजार मीटरची मर्यादा असते, बैल तपासलेले असतात, काही झालं तर विचारायला कुणी असतं. आणि तुझ्या पत्राच्या समासात तू बारीक अक्षरात लिहिलंयस, की मालकाच्या भावानं फायनलच्या आधी मुठीत ठेवायला 'काहीतरी' दिलं होतं. टोचणी असेल नाहीतर बॅटरी असेल, मला कळलं. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका, सगळ्याला नियमांत बंदी आहे. ती वस्तू मालकाच्या खिशात सापडणार नाही, तुझ्या मुठीत सापडेल, आणि गुन्हा मुठीवर दाखल होतो. पुन्हा कुणी दिलं तर तिथंच खाली टाक. सोन्यावर एवढी माया आहे म्हणतोस, तर हे मी सांगायला नको होतं.

विम्याचं एवढंच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये लागतात, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. बँकेत जा, फॉर्म भर, शर्यतीतली इजा चालते का ते तिथंच विचार. खासगी अपघात विम्यात शर्यती बऱ्याचदा वगळलेल्या असतात, कलम वाचल्याशिवाय हप्ता भरू नकोस. दहीहंडीच्या गोविंदांसाठी सरकार विमा उतरवतं, मग छकडीवाल्यांसाठी का नाही? हा प्रश्न तुझ्या एकट्यानं विचारून होणार नाही. पंचवीस-तीस ड्रायव्हर सह्या करून आमदारांच्या दारात उभे राहिले तर होईल. तेवढ्यासाठी तरी एकमेकांचा दर पाडणं थांबवा.

आता ती.

'मुलीकडचे अट घालतात' असं तू लिहितोस. अट तिची आहे की तिच्या मामाची? तिला भीती कशाची वाटते, तू पडशील याची की तू वर्षातले निम्मे दिवस घरात नसशील याची? की नऊ फायनल गाठूनही घरात पैसा येत नाही, याची? तिन्ही भीतींना उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि विचारल्याशिवाय तुला ती सापडणार नाहीत. घाईघाईत 'सोडलं' म्हणून हळद लावून घेऊ नकोस. मी या सदरात अशी पुष्कळ पत्रं वाचलीत, लग्नाआधी सोडलेलं लग्नानंतर चोरून करणाऱ्यांची. ती बायकांनी लिहिलेली असतात.

तिला भेट. घरच्यांना सांगूनच भेट, चोरून नको. वरचा हिशेब दाखव, ७६ हजारांचा आकडासुद्धा. मी पुढच्या वर्षी १०-१२ मैदानं करीन म्हणतोय, अशा-अशा अटींवर, तुला चालेल का, असं सरळ विचार. ती नाही म्हणाली तर तिच्या 'नाही'चा मान राखून ठरव, एकतर छकडी नाहीतर हे स्थळ, पण तिला फसवून दोन्ही नको. आणि कदाचित ती म्हणेल, "मला एकदा सोन्या दाखवा." तुझ्या पत्रावरून तरी तिला हे कुणी विचारलेलंच दिसत नाही.

माझ्याकडं अशीच पत्रं दुसरीकडूनही येतात. जुन्नर-खेडकडच्या बैलगाड्यांपुढं घोडी पळवणाऱ्या पोरांची येतात, आणि दहीहंडीत वरच्या थराला चढणाऱ्यांची तर दर श्रावणात. त्यांनीही वरचा हिशेब स्वतःचे आकडे घालून एकदा करून बघावा.

पुढच्या मंगळवारी तुझा एक्स-रे आहे म्हणतोस. डॉक्टर परत विचारतील, काम काय करता. या वेळी खरं सांग. तुझं हाड कुठल्या ओढीला तयार व्हायला हवं, हे त्यांना ट्रॉलीवरून पडलेल्या शेतकऱ्याबद्दल कळणार नाही. केसपेपरवर 'बैलगाडी ड्रायव्हर' लिहून घे, आणि पडलास कसा तेही खरं लिहायला सांग.